लिंबाच्या फोडी आणि ओट्याचा दगड

रविवारचं मटण झालं, आठ माणसं जेवून उठली आणि पिळलेल्या लिंबाच्या फोडी ओट्यावर पालथ्या राहिल्या. सकाळी वहिनीनं त्या उचलल्या तर पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर पाच गोल उमटलेले. आधी तिनं ते भांड्याच्या साबणानं घासले, मग खायच्या सोड्यानं. शेवटी शेजारणीच्या सल्ल्यानं व्हिनेगर ओतलं, तेव्हा पाचाच्या शेजारी सहावा, चांगला तळहाताएवढा, तयार झाला.

मी गेलो तेव्हा तिनं खिडकी उघडली आणि म्हणाली, "भाऊजी, वाकून बघा, समोरून नाही दिसत." खरंच, समोरून ओटा कोराच होता. डोळा दगडाच्या पातळीला नेला आणि तिरका उजेड पडला की चकत्या दिसत, आरशावर कुणी फुंकर मारावी तशा निस्तेज. बोट फिरवलं तर किंचित खरखर लागे. घासून काही जाणार नाही हे तिथंच कळलं, कारण काढून टाकावं असं वर काही बसलेलंच नव्हतं. दगडच तेवढा गेला होता.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, रसायनाच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. खडूही तोच आणि शिंपलेही तेच. आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम विरघळतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल तसं सौम्य, पण पॉलिशची चकाकी ही पृष्ठभागाच्या अगदी वरच्या, केसाहून कितीतरी पातळ थराची करामत असते. तो थर खायला एक रात्र खूप झाली. चिंच, कोकम, टोमॅटो, दही हे सगळे त्याच जातीचे. आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांची संत्री ज्या गावात टोपल्यांनी घरात येतात, तिथं स्वयंपाकघराच्या ओट्याला संगमरवर बसवणं म्हणजे रोज कुणी ना कुणी खडूवर लिंबू पिळणार, हे गृहीत धरूनच बसवणं.

डाग पडणं आणि दगड खाल्ला जाणं, या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. दुकानात दोन्हींवर एकच उत्तर मिळतं: "सीलर मारून देतो ना ताई." सीलर दगडाच्या छिद्रांत शिरून तेल, हळद, चहा यांना अडवतो, तेही काही काळच, पुन्हा पुन्हा मारावा लागतो. आम्लापुढे तो काही करू शकत नाही. हळदीचं मात्र एक बरं आहे. तिचा पिवळा रंग, कुर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून फोडणीचा थेंब नुसत्या हळदीच्या पाण्यापेक्षा खोल जातो. पण उन्हात तो रंग टिकत नाही. नागपूरच्या उन्हाचा फायदा घ्यायचा तर ओट्यावर ऊन येणारी खिडकी हवी.

ओटा बदलायचं ठरलं. कॉलेजात भूशास्त्र घेतलं होतं, एवढ्या भांडवलावर मला बरोबर नेण्यात आलं.

गावाबाहेरच्या एका गोदामात दगडांच्या लाद्या लोखंडी घोड्यांवर उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर खडूनं नाव लिहिलेलं: ब्लॅक गॅलेक्सी, काश्मीर व्हाइट, टॅन ब्राउन, स्टील ग्रे. पाटी एकच, 'ग्रॅनाइट'. भूशास्त्राच्या मास्तरांसमोर यातल्या निम्म्यांना ग्रॅनाइट म्हटलं असतं तर पेपरात भोपळा मिळाला असता. ग्रॅनाइट म्हणवून घ्यायला खडकात निदान पाचवा हिस्सा क्वार्ट्झ लागतो, जोडीला फेल्डस्पार आणि थोडं अभ्रक. करीमनगरकडून येणारा टॅन ब्राउन या कसोटीला उतरतो. पण कुळकुळीत काळा जो माल असतो, तो बहुधा गॅब्रो नाही तर डोलेराइट. त्यात क्वार्ट्झ नावालाच. आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्तीला निघणारा ब्लॅक गॅलेक्सी गॅब्रोच्याच कुळातला, आणि त्यात लुकलुकणारे सोनेरी ठिपके सोन्याचे तर नाहीतच, अभ्रकाचेही नाहीत. ते ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे कण आहेत. आणि काश्मीर व्हाइट? तो येतो तामिळनाडूतून, मदुराईच्या बाजूनं. काश्मीर नावापुरतं.

हे ऐकून वहिनी दुकानदाराकडे संशयानं पाहू लागली. पण ही फसवणूक नव्हे. दगडाच्या व्यापारात संगमरवराहून कठीण, पॉलिश घेणारा आणि आम्लाला दाद न देणारा जो जो दगड, त्याला ग्रॅनाइट म्हणायची जगभर रीत आहे. उलट हे काळे तोतये खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा ओट्याला अनेकदा सरस ठरतात, कारण त्यांचे कण घट्ट गुंफलेले असतात आणि पाणी फार कमी शिरतं. काश्मीर व्हाइटचं तसं नाही. त्यातले लालसर मणी गार्नेटचे, आणि गार्नेटमध्ये लोह असतं. सिंकपाशी कायम ओल राहिली की त्याला गंजाची पिवळी झाक येण्याचा धोका असतो. नावावर जाऊ नये ते एवढ्यासाठी.

नावं जिथं खोटी पडतात तिथं कठीणपणाचे आकडे उपयोगी पडतात. फ्रिडरिक मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली खनिजांची एक उतरंड लावली: कोण कुणावर ओरखडा काढू शकतं, एवढीच कसोटी. शंखजिरे १, हिरा १०. कॅल्साइट ३, आपली पोलादी सुरी साधारण साडेपाच, फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७. म्हणजे संगमरवरावर कांदा चिरला तर ओट्याला चरे पडतात, आणि ग्रॅनाइटवर चिरला तर सुरीची धार जाते. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

खरं तर दगड पारखायला नागपूरकरानं गावाबाहेर जायची गरज पडू नये. आपण राहतो तेच एका खडकाच्या सीमेवर. शहराचा पश्चिमेचा भाग, सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, हे सगळं ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. पूर्वेकडे शंभर कोटी वर्षांहून जुने नाइस खडक. उत्तरेला कामठी-सिलेवाड्याचा वालुकाश्म, त्याच्याही वर देवलापारकडे सौंसर गटातला डोलोमाइटी संगमरवर. एवढी विविधता पाहूनच स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी धर्मप्रचाराच्या मधल्या वेळात हातोडी घेऊन हिंडायचा. त्यानं आणि रॉबर्ट हंटरनं १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लंडनच्या भूशास्त्र सोसायटीच्या त्रैमासिकात निबंध छापला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो नदीच्या पुरात बुडाला. नागपूरकर त्याला त्याच्या नावाच्या कॉलेजमुळे ओळखतात, खनिजवाले हिस्लोपाइट या हिरव्या कॅल्साइटमुळे. आज भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे, आणि देशभरच्या खाणींचा हिशेब ठेवणाऱ्या, १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला. आपण मात्र ओट्याचा दगड ट्यूबलाइटखाली, टाइल्सच्या रंगाला जुळतो का एवढं पाहून घेतो.

मग आपल्या पायाखालचा काळा बसाल्ट ओट्याला का नाही वापरत? कठीण आहे, काळा आहे, लिंबाला भीत नाही. पाटा-वरवंटा आणि जातं पिढ्यान्‌पिढ्या त्याचंच. अडचण आकाराची. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्याआडव्या भेगा पडत गेल्या, त्यामुळे सात-आठ फुटांची अखंड लादी निघणं मुश्कील. शिवाय वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं जागोजागी. पाटा निघेल एवढा तुकडा मिळतो, ओटा निघेल एवढा नाही. बाकीची गिट्टी होते. नागपुरात गिट्टीखदान नावाची अख्खी वस्तीच आहे.

म्हणून ओट्यासाठी दगड बाहेरूनच आला. आधी आला कडप्पा. आमच्या जुन्या घरात आईचा ओटा कडप्प्याचाच होता. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यावरून नाव पडलेला, आत कार्बन असल्यानं काळसर. थरांत बसलेला असल्यामुळे पातळ लाद्या सहज सुटतात, म्हणून स्वस्त. आता गंमत बघा: चुनखडी म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू त्यालाही खातं, सुरी त्यालाही चरे पाडते. तरी आईनं त्यावर तीस वर्षं स्वयंपाक केला, चिंचेचा कोळ सांडला, वर पाटा ठेवून ठेचा वाटला, आणि ओटा खराब झाला असं तिला कधी वाटलं नाही. कारण त्याला चकाकीच नव्हती. जे नव्हतं ते जायचा प्रश्न नव्हता. दिवाळीच्या आधी खोबरेल तेलाचा हात फिरवायचा की तो पुन्हा काळाभोर. वहिनीच्या ओट्यावरचे गोल दिसले ते भोवतालचं पॉलिश शाबूत होतं म्हणून. कुणाला संगमरवर हवाच असेल तर निदान मॅट फिनिश घ्यावा, हे मी म्हणतो ते आईच्या कडप्प्याच्या भरवशावर.

आता कडप्प्याची बदली ओट्याच्या वरून खाली झाली आहे. वर ग्रॅनाइट, खाली आधाराला उभे कडप्पे.

गोदामात आम्ही तासभर होतो. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाच रस वाटू लागला. तुकडे मागून घेतले आणि त्यांवर पाण्याचे थेंब टाकून पंधरा मिनिटं चहा प्यायलो. एका फिक्या दगडावरचे थेंब पुसल्यावर खाली काळपट ठिपके राहिले. म्हणजे पाणी आत गेलं, उद्या तेलही जाईल. काळ्या तुकड्यावर काहीच नाही. त्याच्यावर लिंबू पिळून ठेवलं, तरी काही नाही. मग वहिनीनं पर्समधून नेलपॉलिश काढायचं द्रव काढलं आणि कापसाचा बोळा काळ्या लादीवर घासला. ही युक्ती मीच सांगितली होती, कारण करड्या दगडाला रंग पाजून काळा करून विकायची चाल आहे. पहिल्या काळ्या लादीवर बोळा कोरा राहिला. बाजूच्या, फुटामागे बऱ्याच स्वस्त असलेल्या लादीवर तो काळा झाला. दुकानदार म्हणाला, "तो माल नका घेऊ ताई, तो पार्किंगच्या पायऱ्यांसाठी लोक नेऊन राहिले." हे त्यानं बोळा काळा व्हायच्या आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

भेगा शोधायची रीत सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी. अख्खी लादी ओल्या फडक्यानं भिजवायची आणि वाळताना बघायची. सपाट भाग लवकर वाळतो, भेगेत पाणी थांबतं, आणि मिनिटभर तरी तिथं केसासारखी ओली रेघ उरते. भेग आणि शीर यांतला फरकही असाच कळतो: शीर हा दगडाचाच भाग, तिथं पाणी थांबत नाही. लादीच्या पाठीवर जाळी चिकटवलेली दिसली तर दगड नाजूक आहे, त्याला रेझिनचा टेकू दिला आहे असं समजावं. त्यात लबाडी नाही, पण ती लादी सिंकच्या जागी नको.

गोदामाच्या दुसऱ्या बाजूला नवे पदार्थ मांडले होते. 'नॅनो व्हाइट' या नावानं जो दुधासारखा पांढरा ओटा हल्ली घरोघर दिसतो तो दगड नव्हे, स्फटिकी केलेली काच आहे. डाग धरत नाही, पण जड कुकर कोपऱ्यावर आपटला की काचेसारखाच टवका उडतो. 'क्वार्ट्झ' म्हणून मिळतो तो भुकटीचा दगड: वजनानं नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झची पूड आणि ती बांधायला पॉलिस्टर रेझिन. लिंबाला भीत नाही, पाणी पीत नाही, रंग हवा तो. पण रेझिन म्हणजे प्लॅस्टिकच. दीडशे अंशांच्या पुढे ते पिवळं पडू लागतं, आणि आपल्याकडे सावजी रश्श्याचं तर्रीदार पातेलं किंवा तापलेला तवा उतरवून ठेवायची जागा म्हणजेच ओटा. घरात पातेल्याखाली चुंबळ ठेवायची शिस्त असेल तर घ्यावा. आमच्या घरात नाही.

या दगडाबद्दल आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तो कापताना उडणारी धूळ जवळजवळ निव्वळ सिलिकाची, आणि इतकी बारीक की थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथं गाठी होतात, फुप्फुस कडक होत जातं. यालाच सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. स्पेन, इस्राइल, ऑस्ट्रेलिया इथं ओटे कापणारी तिशी-चाळिशीतली माणसं यानं आजारी पडली, तेव्हा ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि बसवण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइट काही निर्दोष नाही. त्यातही क्वार्ट्झ असतोच, फक्त बराच कमी. आपल्याकडे खाणीतल्या आणि स्लेट-पेन्सिलच्या कारखान्यांतल्या कामगारांमुळे हा रोग जुनाच माहीत आहे. तरी नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत तोंडाला रुमाल बांधून कोरडा कटर चालवणारा पोरगा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. रुमालानं ही धूळ अडत नाही. कटरवर पाण्याची धार सोडली की ती उडण्याऐवजी चिखल होऊन खाली बसते. बाल्कनी खराब होते म्हणून घरमालकच पाणी नको म्हणतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वहिनीनं शेवटी स्टील ग्रे घेतला. करडा-काळा, पीठ सांडलं तरी डोळ्यांत न भरणारा.

दगड घेतल्यावर काम संपलं असं वाटतं, पण ओटे फुटतात ते बसवण्यातल्या चुकीनं. आमचे मिस्त्री गोंदियाकडचे, चाळीस वर्षं दगडात घालवलेले. सिंकचं भोक कापताना मदतनिसानं चारही कोपरे काटकोनात काढले, तेव्हा ते ओरडले, "अरे बाप्पा, कोपरा गोल कर. कोनात दगड रडते." त्यांनी आधी कोपऱ्यांवर ड्रिलनं गोल भोकं पाडायला लावली आणि मग त्या भोकांना जोडत काप घेतला. हे विज्ञानच आहे: टोकदार आतल्या कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि भेग तिथूनच सुरू होते. गोलाईत तोच ताण पसरतो. सिंकच्या आणि शेगडीच्या भोकांपुढे दगडाची जी तीन-चार इंचांची पट्टी उरते, ती सगळ्यांत कमजोर. तिच्याखाली आधार हवा. खलबत्ता कुठं ठेवणार, नारळ कुठं फोडणार, हे मिस्त्रींनी आधीच विचारलं आणि त्या जागेखाली एक उभा कडप्पा जास्तीचा लावला. ओट्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारली, म्हणजे सांडलेलं पाणी कडेवरून वळून कपाटाच्या दारांवर न जाता तिथंच ठिबकून पडतं. या खाचेला काही खर्च येत नाही. सांगितली नाही तर कुणी मारत मात्र नाही.

उंचीवरून वाद झाला. इंटीरियरवाल्याच्या नकाशात ३४ इंच होती. वहिनी पाच फुटांच्या आत. मिस्त्रींनी तिला चपला घालून भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि कोपराखाली चार बोटं सोडून खूण केली. ती ३१ इंचांवर आली. पोळ्या लाटताना खांदे उचलले जात असतील तर ओटा उंच आहे, एवढं साधं मोजमाप. नकाशा खोडला.

बाथरूमचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तिथं हळद-तेल नाही, पण बोअरचं पाणी आहे. नळाभोवती जी पांढरी खपली धरते ती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे संगमरवराची सख्खी बहीण. म्हणूनच खपली काढणारं प्रत्येक आम्ल संगमरवर आणि कडप्पाही काढतं. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याचे शिंतोडे बेसिनच्या संगमरवरावर उडाले की वहिनीच्या लिंबाला माफ करावंसं वाटेल. काळ्या दगडावर खपली उठून दिसते, पांढऱ्यावर लोहाचा गंज. मधला करडा बरा, आणि दर आंघोळीनंतर फडकं मारणारा माणूस घरात असला तर कुठलाही बरा.

जुना संगमरवर फेकायला वहिनीचं मन झालं नाही. मिस्त्रींनी त्यातून दीड फुटाचा चौकोन कापून कडा घासून दिल्या. संगमरवर हाताला गार लागतो आणि त्यावर पाक लवकर आळतो, म्हणून संक्रांतीला ती तिळाच्या वड्या त्याच्यावरच थापते. पाचांतले तीन गोल त्या तुकड्यात आले आहेत. तूप फिरवलं की ते दिसेनासे होतात, वड्या उचलून चौकोन धुतला की पुन्हा येतात.